दांडीला खेळ ठेवला न्हाई

मंडळी, पिकअपचं मला जेवढं कळतं ना, तेवढं पिकअप बनवणाऱ्यालाबी कळत नसंल! हे मीच म्हणतो, कारण दुसरं कोणी म्हणत न्हाई.

झालं काय, शुक्रवारी आमच्या कनेरगाव नाक्याला पुसेगावहून विजयकुमारचा फोन आला. विजयकुमार म्हंजे माझ्या गोजर आत्याचा पोरगा. "मुंजाजी, आईनं अन्न सोडलंय. एकच धोशा लावलाय, भावाला एकदा पाहू द्या. मामाला घेऊन ये."

हे मामा म्हंजे माझे आबा, उकंडराव. कंबर मोडल्यापासून आडवेच. बसता येत न्हाई, म्हणून मागं गादी टाकून पिकअपमधीच न्यावं लागणार. अन् आमची पिकअप शेळ्यामेंढ्या वाहायची! रिकामी असली अन् चढाला क्लच सोडला, की चाकावरचे पाटे, म्हंजे स्प्रिंगा, पिळतात अन् मागची चाकं थडाथडा उड्या मारतात.

आबा म्हणले, "उडू दे मुंज्या. चाल, आत्ताच निघू."

"अन् तुमची कंबर? दोन दिस द्या मला. गाडीला अशा दांड्या बसवतो, की मागं पाण्याचा गिलास ठेवला तरी सांडायचा न्हाई!"

मोबाईलवर पाहिलं व्हतं मी. मागच्या ॲक्सलपासून चेसिसपर्यंत, म्हंजे गाडीच्या सांगाड्यापर्यंत, दोन्हीकडून एकेक लोखंडी दांडी लावायची. ॲक्सल पिळत न्हाई, गाडी उडत न्हाई. तासाभराचं काम!

शनिवारी पाइप आणायला निघालो, तं बायको दारात आडवी. सत्यशीला म्हणली, "अवो, शनिवारी लोखंड घरात आणतं का कोणी? त्यात मामायला न्यायचंय! राहू द्या दांड्या, तसेच घेऊन जा."

"तसेच कसे नेऊ?" म्हणलं मी. पण पाइप रविवारवर ढकलले. शनिवार गेला वाया.

रविवारी पाइप घेऊन प्रेमदास वेल्डरकडं गेलो. त्यानं गाडीखाली डोकं घातलं अन् म्हणला, "भाऊ, टोकाला बिजागरी अन् रबराचा बुश टाकावा लागंल. दांडीला खेळ ठेवावा लागतो, थोडं हलू द्यावं लागतं."

"खेळ? आरे, खेळ हाय म्हणूनच तं गाडी नाचून राहिली! खेळच बंद करायला आलो मी. दोन्ही टोकं पक्की वेल्ड कर!"

"मंग असं कर, माही व्हॅन ने. मागच्या सीटवर म्हाताऱ्याला आडवं कर अन् आत्ताच जाऊन ये."

ह्याला मी 'व्हय' म्हणलो असतो, तं तुमाला ही गोष्ट सांगायची पाळीच आली नसती. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "माझ्या दारात पिकअप असताना मी दुसऱ्याची गाडी काहून मागू? मार वेल्डिंग!"

त्यानं मारली, तोवर दिवस मावळला.

सोमवारी सकाळी आबायला गादीवर निजवलं. सत्यशीला त्यायला धरून मागं बसली. निघालो म्हणून विजयकुमारला मुद्दामच फोन केला न्हाई. एकदम दारात उभं राहून आत्याला चकित करायचं व्हतं! क्लच सोडला. एक उडी न्हाई!

"पाह्यलं का आबा!" मी ओरडलो.

वीस पावलांवर पहिला खड्डा आला अन् मागून आबा किंचाळले, "मेलो रे!"

पाटे दबतच न्हाईत! दांड्यांनी त्यायला करकचून धरलेलं. रस्त्यावरचा खडा न् खडा थेट आबाच्या कंबरेत! खेळ म्हंजे काय असतो, ते मला तवा कळलं.

"आबा, माघारी फिरू का?"

"न्हाई! तिकडं ती वाट पाहून राहिली. चाल म्हणतो ना!"

मंग गाडी अशी हळू घेतली, की मेंढरायचा एक कळप आमाला मागं टाकून गेला! तरीबी अर्ध्या वाटेत काडकन आवाज झाला. डाव्या दांडीचं पुढचं टोक तुटलं अन् डांबरात रुतलं. गाडी जागेवर उभी!

ढाब्यावरून लोखंड कापायची करवत मागून आणली अन् गाडीखाली शिरलो. प्रेमदासचं बाकीचं काम लय पक्कं निघालं. दोन तास करवत चालवली. वरून आबा इचारत, "मुंज्या, झालं का रे?" मी म्हणायचो, "झालंच आबा!" खोटं कशाला सांगू, मी गाडीखाली रडत व्हतो.

दांड्या निघाल्या. गाडी पहिल्यासारखी उड्या मारत निघाली. आबा म्हणले, "हे बरं हाय की रे! असंच शुक्रवारी काहून न्हाई आणलं?"

मी गाडी दामटली.

पुसेगावच्या शिवेत पोचलो अन् फोन वाजला. विजयकुमार रडून राहिला व्हता. "मुंजाजी, आई गेली रे. आत्ताच. मामाला घेऊन निघ लवकर."

पाच मिनटांत गाडी दारात उभी केली. जमलेली माणसं पाहतच राहिली. एक म्हातारा म्हणला, "आत्ता फोन ठेवला, अन् कनेरगाव नाक्याहून आले बी! काय गाडी हाय!"

चौघांनी आबायला गादीसकट उचलून आत्याजवळ नेलं. आबानं तिच्या कपाळावर हात ठेवला. "गोजर, आलो गं." विजयकुमार म्हणला, सकाळपासून गाडीचा आवाज आला की इचारायची, माझा भाऊ आला का?

मी चौकट धरून उभा. वाटलं, आता आबा सगळ्यायसमोर मला जोड्यानं हाणतील. हाणलं असतं तं बरं झालं असतं.

तो म्हातारा आत येऊन म्हणला, "उकंडराव, पोरगं लय हुशार हाय तुमचं!"

आबानं मान वर केली न्हाई. "व्हय," म्हणले, "माझ्यासाठी दोन दिस झटला बिचारा."

एवढी मोठी शिवी मला उभ्या जन्मात कोणी दिली न्हाई, मंडळी.

तवापासून पुसेगावात कोणालाबी घाई असली, की मलाच फोन येतो. मुंजाजीची गाडी म्हणे फोन ठेवायच्या आत दारात येती! मी जातो. त्यायला काय सांगू?