आप्पांची गती

हलतंय ते मोजता येतंय! हे सन्मतीचं ठाम मत, आणि बेळगावच्या उद्यमबागेतल्या चहाच्या टपरीवर तो ते छाती काढून सांगायचा. कारखान्यात घण किती जोरानं पडतो, त्याचा हिशेब करणं हेच त्याचं काम. घणाचं वस्तुमान घ्यायचं, वेगाला वेगानंच गुणायचं, दोन्हींचा गुणाकार करून शेवटी त्याचं निम्मं करायचं. झाली गतिज ऊर्जा! काम सोपं होतं, अवघड होता सन्मती. हिशेब करता करता गडी असा तंद्रीत जायचा, की घण थांबला, माणसं जेवायला गेली, तरी हा आपला रिकाम्या ऐरणीकडं बघून गालात हसतोय!

असा हा सन्मती निपाणीजवळच्या एका गावात पोरगी बघायला आलता. पोरगी म्हणजे ब्राह्मी. एका लग्नात पंगतीला ताक वाढताना त्यानं तिला पाहिलं, आणि करीन तर हीच, असं त्याचं होऊन बसलं. शहापुरातल्या घरातनं निघतानाच सोबत आलेल्या थोरल्या बहिणीनं, त्रिशलाआक्कानं, बजावलं होतं, "तिथं तंद्री लावू नगंस रं! त्यांनी आधीच दोन स्थळं परत लावल्यात."

"न्हाय गं आक्का! आज मी एकदम जागा हाय."

सोप्यात झोपाळ्यावर ब्राह्मीचे वडील भरमूआप्पा बसलेले. माणूस भरभक्कम. पायानं रेटा देत सावकाश झुलत होते. कड्यांची कुईंकुईं, आतनं येणारा फोडणीचा वास, फरशीवर कललेलं ऊन. दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची म्हणून स्वयंपाकघरात नुसती धांदल. आणि सन्मतीचे डोळे हळूहळू झोपाळ्याबरोबर जाऊ लागले. इकडं. तिकडं. इकडं. बघता बघता झोपाळ्यावरचे आप्पा विरघळले आणि तिथं ब्राह्मी झुलायला लागली! पदर वाऱ्यावर, आणि झोपाळ्याखालच्या फरश्या सन्मती मनातल्या मनात मोजतोय. सेकंदाला दोन मीटर. वा!

"पावणं," आप्पांनी विचारलं, "काय बघालाय एवढं?"

"तुमची गती मोजालोय," सन्मती झोपेत बोलल्यागत म्हणाला.

आप्पांचा पाय रेटा द्यायचाच थांबला. आता तुम्हाआम्हाला गती म्हणजे वेग. पण आप्पा रोज बस्तीत, म्हणजे जैन मंदिरात, जाऊन शास्त्र ऐकणारा माणूस! त्यांच्या लेखी गती चारच. देव, मनुष्य, तिर्यंच म्हणजे पशुपक्षी, आणि नरक. मेल्यावर जीव यांतल्या कुठल्या गतीला जाणार, ही काळजी त्यांना साठी उलटल्यापासून लागलेली.

"तुमास्नी कळतंय त्यातलं?" आप्पांनी आवाज खाली आणला.

"माझं कामच हाय ते."

"मग... माझी कशी हाय?"

"वर गेला की शून्य. खालती जाताना लई जोरात!"

खालती! आप्पांच्या कपाळावर दरदरून घाम फुटला. खालती म्हणजे नरकच की!

"खरं काय ते सांगा, आप्पा," सन्मती पुढं म्हणाला. "लपवलं की सगळं चुकतंय." त्याला वजन विचारायचं होतं, पण तो शब्द तंद्रीत तोंडातच राहिला.

"सांगतो!" आप्पा कळवळून ओरडले. "महाराजांच्या पायाशी कांदा सोडायचा नेम घेतलता. मोडला! दर बाजारला निपाणीच्या स्टँडवर भजी खातोय! कांद्याची! तीबी दिवस मावळल्यावर!"

आत धाडकन भांडं पडलं. उलथनं घेऊन ब्राह्मीच्या आई, बाळाबाई, दारात उभ्या. "आणि घरी येऊन उपास हाय म्हणून झोपताय व्हय? तुमच्या नेमापायी मी वर्षभर घरात कांदा आणला न्हाय!"

आता सन्मती जागा झाला. "अहो, मी वजन विचारालतो! झोपाळ्याची ऊर्जा काढालतो! नव्वद किलो धरलं. दोन दुणे चार, नव्वद चोक तीनशे साठ. तीनशे साठ ज्यूल!"

"माझ्या घरात येऊन माझीच झडती?" आप्पा लालबुंद झाले. "उठा! ह्या घरात सोयरीक व्हायची न्हाय!"

त्रिशलाआक्कानं कपाळावर हात मारला. सन्मती धडपडत उठला. गेली! ताकासकट ब्राह्मी गेली! रडू फुटायचंच बाकी होतं.

"एकशे ऐंशी."

दारात ब्राह्मी. हातात ताकाचे पेले. "तीनशे साठ न्हाय आप्पा, एकशे ऐंशी. शेवटी निम्मं करायचं असतंय. ते ह्यांचं राहिलं."

"एवढं शिकून निम्मं कसं राहिलं रं?" आक्का कडाडली.

"झोपाळ्यावर ही दिसालती," सन्मती बोलून गेला, आणि कानापर्यंत लाल झाला. ब्राह्मीनं पहिला पेला त्याच्याच पुढं ठेवला.

आप्पांना मात्र एकच गोष्ट कळली. "म्हणजे ह्यानं सांगिटलं त्याच्या निम्मंच हाय माझं पाप?"

"निम्मंच," ब्राह्मीनं हसू दाबलं.

"ह्या पोराचं राहिलेलं निम्मं बघायला कोणतरी पायजेच," बाळाबाई म्हणाल्या. "पोरगी द्यायची. काय म्हणताय?"

उलथनं अजून हातातच होतं. आप्पा काय म्हणणार! व्हय म्हणाले.

या सगळ्या गोंधळात दिवस मावळला आणि जेवण राहिलं ते राहिलंच. "पावण्यास्नी स्टँडवर सोडून येतो," आप्पा चपला शोधत म्हणाले. "काय गरज न्हाय!" बाळाबाई गरजल्या. मग बहीणभाऊ एकटेच निपाणीला आले. आक्का भुकेनं पेंगत होती, सन्मती सुखानं. समोर आलेल्या गाडीत दोघं चढले. गाडी सुसाट निघाली, आणि सन्मतीनं खिडकीला डोकं टेकून गाडीची ऊर्जा काढली. या वेळी आठवणीनं निम्मं केलं बरं का! हिशेब अगदी बरोबर आला.

तेवढ्यात कंडक्टर ओरडला, "कागलवाले, उतरा!" बेळगाव पार पाठीमागं राहिलेलं.

काय आहे, गतिज ऊर्जेच्या हिशेबात दिशा लागत नाही. बेळगावला जायला लागते!