इंगळे सिस्टरांची बाळंतीण

इंगळे सिस्टर पक्षी बघत नाहीत, तपासतात. दुर्बीण डोळ्याला लागली की आधी निदान, मग नाव. "त्या बगळ्याले रक्त कमी हाये, भाऊ. अन् ही पाणकोंबडी पहिलटकरीण दिसते."

आरोग्य केंद्रात जन्मभर बाळंतपणं करून त्या निवृत्त झाल्या. मेहकरात आमच्या शेजारी राहतात, एकट्याच. उन्हाळाभर पहाटे माझं दार वाजवतात आणि मला पक्ष्यांच्या राखीव तळ्यावर नेतात. जणू राउंडच.

यंदा मे महिन्यात तळं पार आत सरकलं होतं. भेगाळलेल्या गाळावर एक टिटवी बसलेली. सिस्टर कुजबुजल्या, "पोट पाण्यात भिजवून आली, पाहा. अंड्याइले गारवा देऊन राह्यली."

तेवढ्यात काठावरून सात-आठ म्हशी पाण्याकडे उतरल्या, नेमक्या घरट्याच्या रोखानं. सिस्टर छत्री उघडून धावत सुटल्या.

"थांब बे! इथं बाळंतीण हाये!"

म्हातारा गुराखी घाबरून चहूकडे बघू लागला. "कुठं हाये बाई?"

सिस्टरांनी बोट दाखवलं. त्यानं कपाळावर हात मारला, पण म्हशी वळवल्या. टिटवीनं मात्र सिस्टरांच्याच डोक्यावर झेप घेतली. त्या खूश! "माय अशीच पाह्यजे."

मग आम्ही लांब बाभळीखाली बसलो. सिस्टर एकदम म्हणाल्या, "आमच्या पोरीच्या, सुमनच्या पहिल्या बाळंतपणाले मी नव्हती. निघालीच होती नाशिकले. तेवढ्यात एक बाई अडली. तिले सोडून कशी जाऊ?"

"मग?"

"ती वाचली. सुमनचं पोरगं नाई वाचलं. मी असती तरी वाचलं नसतं, डॉक्टर म्हणाले. पण मी असती तं खरी."

मग त्यांनीच विचारलं, "तुमच्या फोनवरून लावता का? माहा नंबर पाहून सुमन उचलत नाई."

मी नंबर लावून फोन त्यांच्या हाती दिला. पलीकडून "हॅलो, कोण?" आलं. शेकडो बायांना धीर देणाऱ्या सिस्टरांना शब्द फुटेना. शेवटी म्हणाल्या, "जेवली का वं?"

सकाळचे साडेसात वाजले होते.

मी मान खाली घातली.

"आई," सुमनचा आवाज आला, "एवढ्या सकाळी कोण जेवते?"

तिनं फोन ठेवला नाही. सिस्टर दोन्ही हातांनी तो कानाशी धरून तशाच बसून राहिल्या.