पोटातली शिट्टी

"साप सांभाळायला काय लागतं? भुंकत नाही, ओरबाडत नाही, फिरायला न्यावं लागत नाही. आई, तुम्ही अगदी निर्धास्त जा!"

असं मी कीटोच्या बस अड्ड्यावर सासूबाईंना छाती ठोकून सांगितलं. त्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी थोरल्या मुलीकडे कुएंकाला निघाल्या होत्या, सोबतीला माझी बायको मारित्सा. आणि माझ्या ताब्यात पेर्ला. पेर्ला म्हणजे सासूबाईंची अजगरीण. घाबरू नका, छोट्या जातीची. मनगटाएवढी जाड, सव्वा मीटर लांब. सासऱ्यांनी वारण्याआधी सासूबाईंना दिलेली शेवटची भेट. तिच्या परवान्याचा कागद बैठकीत येशूच्या तसबिरीशेजारी फ्रेम करून लावलाय. आमच्या लग्नाचा फोटो फ्रिजमागे आहे.

"वहीत सगळं लिहिलंय, जावईबापू," सासूबाई खिडकीतून म्हणाल्या. "वाचा हं!"

"पाठ करतो!"

वही मी पाचव्या दिवशी उघडली. कारण पाचव्या दिवशी घरात कुणीतरी शिट्टी वाजवायला लागलं. बारीक, लांबट, थांबून थांबून. आधी मी शेजारणीच्या कुकरवर संशय घेतला. मग नळ घट्ट पिळला. मग खिडकीच्या फटीत मोजा कोंबला. शिट्टी चालूच! शेवटी काचेच्या पेटीला कान लावला, तर पेर्ला मान वर करून, तोंड किंचित उघडं ठेवून छताकडे बघत होती. नाकपुडीवर साबणाचा असावा तसा फुगा. मला वाटलं, बाईसाहेब खुशीत आहेत, गाताहेत!

वहीत लाल शाईने लिहिलं होतं : 'श्वासाची शिट्टी, नाकाला फेस, मान सतत वर, तोंड उघडं. यातलं एक जरी दिसलं तरी ताबडतोब डॉक्टर येपेसबाई.'

इथे चारही! पेर्लाला उशीच्या अभ्र्यात घालून मी टॅक्सीत बसलो. वाटेत ड्रायव्हरने विचारलं, "शिट्टी कोण वाजवतंय?" मी म्हटलं, "उशी." त्याने टॅक्सीचा वेग वाढवला.

येपेसबाईंनी पेर्लाचं तोंड उघडून आत टॉर्च मारला. चिकट लाळेच्या तारा लोंबत होत्या.

"फुप्फुसात संसर्ग झालाय. पेटीत उष्णता किती असते?"

"भरपूर."

"आकडा सांगा."

"आकडा... दिवे असले की वेगळा, नसले की वेगळा."

आणि दिवे रोजच जात होते. धरणं आटलेली, दिवसाला आठ आठ तास वीज नाही, वर आमच्या डोंगरातली थंडी! मी ऑफिसात, आणि पेटीतली गरम गादी थंडगार पडलेली.

"दर तीन दिवसांनी एक, अशी पाच इंजेक्शनं," बाई म्हणाल्या. "जबरदस्तीने काही भरवायचं नाही. पण गार पडली तर औषध लागू होणार नाही. मग ती वाचणार नाही, समजलं?"

"पण डॉक्टर, वीज नसताना ऊब आणू कुठून?"

बाईंनी माझ्या पोटाकडे बघितलं. "एवढी मोठी शेगडी घेऊन फिरताय की!"

दुसऱ्या दिवसापासून मी बनियन, त्यावर पेर्ला आणि त्यावर दोन स्वेटर घालून कामावर जाऊ लागलो. मी नोटरीच्या ऑफिसात कारकून. साहेब खरेदीखत मोठ्याने वाचतात तेव्हा तिथे माशीसुद्धा जपून बसते. त्या शांततेत माझ्या पोटातून आवाज आला : सुईंऽऽ!

साहेब थांबले. घर घेणारे थांबले. घर विकणारी बाई तर अंगठी फिरवायची थांबली.

"क्लेवेर, काय ते?"

"छाती, साहेब," म्हणून मी खोटं खोटं खोकलो. पेर्लाने दचकून विळखा आवळला, त्यामुळे पुढचा खोकला अगदी खरा आला.

झालं! सगळं ऑफिस माझ्या छातीच्या मागे लागलं. शेजारच्या टेबलावरची रोसिओ रोज ओरेगानोचा काढा पाजायची. मला ना बसवे, ना उभं राहवे. दर अर्ध्या तासाने संडासात जाऊन स्वेटरमध्ये थर्मामीटर घालायचा. एकतीस आलं की हुश्श, तीस आलं की जिना चार वेळा वर-खाली! शिट्टी वाजली की धास्ती, आणि थांबली की त्याहून मोठी धास्ती. संध्याकाळी सासूबाईंचा फोन. "पेर्ला कशी आहे?"

"मजेत!"

सतराव्या दिवशी पाचवं इंजेक्शन झालं. शिट्टी आता कान देऊन ऐकली तरच ऐकू येई. मी जरा सुटकेचा श्वास घेतो न घेतो तोच, अठराव्या दिवशी सकाळी, रोसिओने मला ओढत दप्तराच्या खोलीत नेलं. आत मेणबत्ती, आणि मेणबत्तीपाशी मंडईत दृष्ट काढायला बसतात त्या त्रान्सितो आजी. हातात जिवंत, काळाभोर, छोटासा गिनीपिग.

"हा अंगावरून फिरवला की दुखणं त्याच्यात उतरतं," रोसिओ म्हणाली. "नाही म्हणायचं नाही!"

"अगं पण माझं दुखणं तसं नाही गं!"

"सगळे असंच म्हणतात," आजी म्हणाल्या, आणि मला खुर्चीत दाबून बसवलं.

गिनीपिग माझ्या डोक्यावरून फिरला, खांद्यावरून फिरला, छातीवर आला आणि किंचाळला. आजींनी पुटपुटत तो पोटावर नेला. माझं स्वेटर हललं.

"हलतंय!" आजी ओरडल्या. "दुखणं सुटतंय! बाहेर ये, बाहेर ये!"

आणि बाहेर आलं! स्वेटरच्या खालच्या काठातून आधी जीभ, मग डोकं, मग वीतभर मान. रोसिओ एका उडीत टेबलावर. आजी मात्र जागच्या हलल्या नाहीत. हात जोडून म्हणाल्या, "चाळीस वर्षं काढतेय, पण डोळ्यांनी आज पाहिलं!"

हात जोडायला त्यांनी गिनीपिग माझ्या मांडीवर ठेवला होता. पेर्लाने एकदाच झडप घातली. पुढचं मी बघितलं नाही, मेणबत्तीकडे बघत राहिलो.

आरडाओरडा ऐकून साहेब आले. "काय चाललंय?"

"साहेब, क्लेवेरचा दमा बाहेर पडलाय," रोसिओ टेबलावरून म्हणाली, "आणि तो जेवतोय!"

मग मला सगळं सांगावं लागलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, आणि स्वतःच येपेसबाईंना फोन लावून माझ्या कानाला धरला.

"जेवली? आपणहून? मग बरी झाली!" बाई आनंदाने ओरडल्या. "आता तिला अजिबात हलवू नका. हलवलंत तर ओकून टाकेल, आणि इतक्या अशक्तपणात ते परवडायचं नाही."

"पण ती माझ्या मांडीवर आहे!"

"मग तुम्हीही हलू नका. संध्याकाळी मी पेटी घेऊन येते."

सकाळचे साडेअकरा झाले होते. पेर्ला फुगलेल्या पोटानिशी माझ्या मांडीवर वेटोळं करून निवांत झोपली. ऑफिसातले लोक दारातून डोकावून जात होते. माझे दोन्ही पाय बधिर. आणि तीन वाजता सासूबाईंचा व्हिडिओ कॉल आला. डोळ्याची पट्टी आजच निघाली होती, नव्या नजरेने पहिली पेर्ला बघायची होती! रोसिओने फोन माझ्यासमोर धरला.

थापा मारायला जागाच नव्हती. शिट्टी, फेस, इंजेक्शनं, स्वेटर, गिनीपिग, सगळं सांगून टाकलं. सासूबाईंनी नव्या डोळ्याला पदराने टिपावं तसा रुमाल लावला.

"माझ्याकडे दोन महिने तिने तोंडाला काही लावलं नव्हतं," त्या हळूच म्हणाल्या. "कुणाला बोलले नाही. वाटलं, तीही चालली ह्यांच्यामागे..."

मलाही भरून आलं. अकरा वर्षांत त्या माझ्याशी इतक्या मऊ आवाजात कधी बोलल्या नव्हत्या. स्क्रीनच्या जवळ येऊन, डोळे किलकिले करत त्यांनी अतिशय मायेने विचारलं, "पोट भरलं का नीट?"

"कुठलं हो आई!" मी म्हणालो. "सकाळपासून अन्नाचा कण नाही..."

"जावईबापू, जरा गप्प बसता का? मी पेर्लाला विचारतेय!"