नोक्वाझीचं पिंप बाळसं धरतं

काट्यावरचा आकडा बघून नोक्वाझीने डोळे चोळले. तिच्या ओटच्या पिंपाचं वजन कालच्यापेक्षा वाढलं होतं!

"भाऊजी, हे बघा तरी!"

थोरला दीर भेकुमुझी चहा सांडत धावत आला. "चोरून पाणी घातलंस तू!"

"शपथ घेते! थेंब नाही घातला!"

ड्राकेन्सबर्ग डोंगराच्या पायथ्याशी हिवाळा कोरडाठाक, दोघांकडे दुभत्या गाई आणि चारा भिजवायला बंधारा एकच. रोजच्या भांडणाला कंटाळून मुखिया न्तुलींनी तोड काढली होती: चाऱ्यासाठी लावतात तो तिचा ओट मातीने भरलेल्या एका पिंपात पेरायचा, त्याचं रायगवत तशाच दुसऱ्या पिंपात. पाणी सारखं आणि एकदाच घालायचं, मग रोज मक्याच्या पोत्यांच्या काट्यावर तोलून पिंपं जागच्या जागी ठेवायची. ज्याचं पिंप कमी हलकं होईल त्याचं गवत कमी पिणारं, हिवाळाभर बंधारा त्याचा. हरणाऱ्याने गाई विकायच्या.

आता भेकुमुझीचं पिंप शहाण्यासारखं हलकं होत होतं आणि नोक्वाझीचं चक्क बाळसं धरत होतं. पाऊस नाही, दव नाही, मग हे पाणी येतं कुठून? जिंकत असूनही बाईला चैन पडेना. शेवटी भरदुपारी मुखियांना घेऊन ती कणगीआड दबा धरून बसली. मुखियांना ऐकू जरा कमीच येई.

थोड्या वेळाने घरच्या बिअरचं मडकं घेऊन भेकुमुझीच आला! इकडेतिकडे बघून तिच्या पिंपापुढे गुडघे टेकून बसला.

"बाबा, आजोबा, प्या पोटभर! पण निकाल माझ्या बाजूने लावा. त्या बाईला गवतातलं काय कळतंय!" असं पुटपुटत त्याने अर्धं मडकं पिंपात रिकामं केलं.

"अरे, तिच्या पिंपात?" मुखिया पुढे आले.

भेकुमुझी दचकलाच. "पिंप तिचं, पण जागा आपल्या जुन्या गोठ्याची ना! पितरांना हाक मारायची ती इथेच. पिंप मध्ये आलं, त्याला मी काय करू?"

नोक्वाझीने कपाळावर हात मारला. गोठा तिच्या लग्नाआधीच हलवलेला, आणि सासरच्या गोठ्यात सुनेने पाऊल टाकायचं नसतं. पिंप ठेवताना तिला ती जागा दाखवणार कोण?

"आणि वर चोर मलाच म्हणालात!"

"मागितलंस काय पितरांकडे?" मुखियांनी दरडावलं.

भेकुमुझीने मडकं पाठीमागे लपवलं. "दोघांच्याही गाई जगू देत, एवढंच."

"हो हो, अगदी हेच!" नोक्वाझी घाईघाईने म्हणाली. "माझ्या कानांनी ऐकलं मी!"

"मग पितरांनी ऐकलंच म्हणायचं," मुखिया म्हणाले. "पाणी अर्धं अर्धं!"

भेकुमुझीने भावजयीकडे पाहिलं आणि उरलेली बिअर मुखियांपुढे केली.

संध्याकाळी नोक्वाझी दोन्ही पिंपं ओढत निघालेली भेकुमुझीला दिसली.

"आता कुठे? निकाल लागला ना?"

"पाण्याचा लागला. पण कोण किती पितं ते कळल्याशिवाय झोप कशी यायची? संडासामागे ठेवते, भाऊजी. तिथे तरी कुणी पितरांना बोलवायला येणार नाही."