आठवड्याला सात हजार आठशे

"मुलाकडची माणसं येऊ देत, बोलायचं मी बघतो," असं राघोतात्यांनी सकाळचा चहा पिता पिता जाहीर केलं, तेव्हा सुंदराबाईंनी गॅसपाशी वळून त्यांच्याकडे असं पाहिलं, की जणू घरातलं मांजर म्हणालं असावं, उद्यापासून नांगराला मी.

त्यात त्यांची चूक नव्हती. तात्यांनी मुरबाडच्या वाचनालयात तीस वर्षं पुस्तकं दिली आणि घेतली. त्या तीस वर्षांत माणसांशी त्यांचं जे बोलणं झालं ते 'इथं सही करा' आणि 'पान दुमडू नका' एवढंच. अनोळखी माणूस समोर आला की त्यांच्या जिभेला कुलूप लागायचं, आणि किल्ली सापडायची तो माणूस निघून गेल्यावर. पण आजचा प्रश्न भाविकाचा होता. भाविका त्यांची धाकटी लेक, कल्याणला नोकरीला, आज रजा घेऊन घरीच. आसनगावच्या विशेंचा हर्षित तिच्याच ऑफिसात. दोघांनी लग्न आधीच ठरवलं होतं आणि मग घरच्यांना ते ठरवायला सांगितलं होतं. आता राहिलं होतं फक्त घर बघणं. मध्यस्थ अनिलनं फोन करून कळवलं होतं, की विशेंकडचं कुणीतरी या आठवड्यात न सांगता सहज डोकावून जाईल. मुलाचे वडील कोंडू विशे मोठे चौकस. घरात काय खातात, कसं राहतात ते कळल्याशिवाय होय म्हणणार नाहीत.

"खरं असेल ते सांगायचं," तात्या म्हणाले. "त्यात घाबरण्यासारखं काय आहे?"

हे म्हणताना त्यांचा अर्धा चहा बशीत सांडला.

बोलायची तयारीही त्यांनी केली होती. 'आमचं घर साधं, पण समाधानी' इथून सुरू होणारं छोटंसं भाषण त्यांनी परसातल्या शेवग्याला दोनदा ऐकवलं. शेवग्यानं काही हरकत घेतली नाही, त्यामुळे तात्यांना बराच धीर आला.

तेवढ्यात शेजारच्या हौसाकाकू धापा टाकत आल्या. वरच्या आळीत एक पोरगी फिरतेय, गळ्यात पट्टा, हातात टॅब. तेल किती आणता, साखर किती आणता, आठवड्याला किराण्याला किती जातात, सगळं विचारून टिपून घेतेय. "रेशनचं चेकिंग हाय गो सुंदरे," हौसाकाकूंनी निकाल दिला. "ज्याच्या घरात जास्त गावंल त्याचं कार्ड गेलं."

इथं वाचकांना एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. तात्यांच्या गावात कुठल्याही घराच्या किराण्याचे आकडे दोन असतात. रेशनच्या कार्डासाठी कुणी विचारलं तर त्या घरात काही शिजतच नाही. सोयरिकीसाठी कुणी विचारलं तर शिजायचं थांबत नाही. दोन्ही आकडे बायकांना तोंडपाठ, आणि दोन्ही खोटे हेही सगळ्यांना ठाऊक. अडचण एवढीच, की समोरचा माणूस कशासाठी आलाय हे आधी कळावं लागतं.

सुंदराबाई कामाला लागल्या. कालच बाजार करून आणलेला. पाच लिटरचा तेलाचा कॅन, साखर, तूरडाळ, शेंगदाणे, चहाचा मोठा पुडा, सगळं लपवायचं कुठं? हौसाकाकूंच्या घरी नेऊन उपयोग नव्हता, कारण त्यांना स्वतःचंच लपवायचं होतं. शेवटी त्यांचं लक्ष तात्यांच्या पुस्तकांच्या कपाटाकडे गेलं. "यात कोन बघतंय?" त्या म्हणाल्या.

तात्यांना याला उत्तर द्यायचं होतं. पण तीस वर्षं वाचनालयात काढलेल्या माणसाला याचं खरं उत्तर माहीत होतं, म्हणून ते गप्प बसले. कॅन इतिहासाच्या जाड ग्रंथांमागे गेला, साखर नाटकांमागे, आणि तूरडाळ संतचरित्रांच्या आड बसली.

पोरगी आली तेव्हा तात्या एकटेच ओटीवर होते. चोवीस-पंचवीसची, उन्हानं लाल झालेली, बोलायला गोड. तिनं गळ्यातलं ओळखपत्र पुढं केलं, आपलं नाव हेतल सांगितलं, आणि कुठल्याशा पाहणीचं लांबलचक सरकारी नावही सांगितलं. तात्यांनी मान हलवली, पण ऐकलं काहीच नाही. इतिहासाची तयारी करून गेलेल्या मुलापुढं गणिताचा पेपर यावा तसं त्यांचं झालं होतं. भाषण सोयऱ्यांचं पाठ, आणि समोर रेशनचं चेकिंग.

"आजोबा, कुटुंबप्रमुख कोण?" हेतलनं पहिला प्रश्न विचारला.

"मी," तात्या लगेच म्हणाले. तेवढं एक उत्तर त्यांना येत होतं.

पुढचे प्रश्न अवघड होते. गेल्या सात दिवसांत तेल किती लागलं? तात्यांनी दाराआड उभ्या असलेल्या सुंदराबाईंकडे पाहिलं. त्यांनी दोन बोटं दाखवली.

"दोन," तात्या म्हणाले. मग दोन काय ते त्यांना सुचेना. "दोन चमचे."

"आठवड्याला?"

"आठवड्याला."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस एकदा बोलायला लागला की त्याला थांबायचं कुठं ते कळत नाही. साखर घरात वर्ज्य आहे. डाळ सणाला करतात. हेतलपुढं बिनसाखरेचा कोरा चहा ठेवला होता, तो तिनं एक घोट घेऊन हळूच बाजूला सरकवला आणि तात्यांकडे इतक्या कळवळ्यानं पाहिलं, की तात्यांना स्वतःचीच दया आली.

मग ती माणसांकडे वळली. घरात आणखी कोण? मुलगी. तिचं वय? शिक्षण? नोकरी? लग्न झालंय का?

दाराआड भांडं पडलं.

तात्या आत गेले तर सुंदराबाई भिंतीला टेकून उभ्या. रेशनवाल्यांना पोरीच्या लग्नाशी काय करायचंय, हे त्यांनी दबक्या आवाजात विचारलं. सुंदराबाईंनी दारातून नुसतं डोकं बाहेर काढून, बाय तू आलीस कुठनं, असं विचारलं. हेतल म्हणाली, सकाळीच आसनगावहून निघाले.

"मेलो," सुंदराबाई आत येऊन म्हणाल्या. "ती विशेंनी धाडलीय. आनि तुमी तिला दोन चमचे सांगितलेत."

त्यानंतर जे झालं ते तात्यांच्या हातात राहिलं नाही. सुंदराबाई पदर सावरून बाहेर आल्या आणि आमच्या ह्यांचं वय झालं, काही ध्यानात राहत नाही, असं हसत हसत सांगून सगळे आकडे पुन्हा लिहायला लावले. तेल पाच लिटर. पुरावा म्हणून कॅन बाहेर आला. पाठोपाठ नाटकांमागून साखर आणि संतांमागून डाळ आली. हेतल थक्क होऊन बघत होती. पुस्तकांच्या कपाटातून किराणा काढणारं घर तिला बहुधा पहिलंच भेटलं होतं. कॅनचं झाकण सैल राहिलं होतं. ज्या ग्रंथात आजवर कुणी दहा पानांच्या पुढं गेलं नव्हतं, त्यात तेल शेवटच्या पानापर्यंत पोचलं होतं.

हौसाकाकूंना कुंपणावरून एवढंच दिसलं, की सामान बाहेर निघतंय आणि भाविकाच्या सोयरिकीचं चाललंय. शेजारधर्माला जागून त्या आपली तुपाची बरणी आणि मुंबईच्या जावयानं आणलेले काजू घेऊन मागच्या दारानं आल्या. मग तूप आठवड्याला किलोभर झालं. काजू रोज मूठभर, आणि तेही एकट्या तात्यांना. तात्यांना खालचे दात नव्हते, पण ते कुणी विचारलं नाही. काजू घातलेले पोहे आणि दुधाचा चहा पुढं आला. हेतल खात होती, टिपत होती आणि मधूनच तात्यांच्या अंगावरच्या विरलेल्या बनियनकडे बघत होती.

बाहेर जीप थांबली ते कुणाच्या लक्षात आलं नाही. हेतल टॅब बंद करता करता मोठ्यानं म्हणाली, "तर आजोबा, एकूण आठवड्याला सात हजार आठशे. बरोबर ना?"

आणि ओटीच्या पायरीवर तीन माणसं उभी होती. पुढं अनिल. त्याच्यामागं पांढऱ्या टोपीतले कोंडू विशे. त्यांच्या शेजारी त्यांची बायको अनिताबाई, जिनं हेतलला पाहिलं आणि एकदम पदर तोंडावर ओढून घेतला.

सुंदराबाईंनी एकदा विशेंकडे पाहिलं, एकदा हेतलकडे. मग ही कोण, हा प्रश्न त्यांच्या तोंडावर इतका स्पष्ट होता की हेतलनं पुन्हा ओळखपत्र पुढं केलं. सरकारी पाहणी. लोक काय खातात, किती खर्च करतात, त्याची. रेशनशी संबंध नाही, लग्नाशी तर नाहीच.

कोंडू विशे खुर्चीच्या कडेवर टेकले. "आठवड्याला?" त्यांनी विचारलं. "मानसं किती घरात?"

तीन, असं अनिलनं सांगितलं, आणि लगेच सांगितल्याचा त्याला पश्चात्ताप झाला.

विशेंनी काजूंच्या ताटलीकडे पाहिलं. रागाचा लवलेश नव्हता, नुसती काळजी होती. "तात्या, पोर तुमची सोन्यासारखी," ते म्हणाले. "पन आमच्याकडं ह्ये नाय जमायचं. आमी भात-आमटीवाली मानसं. चार महिन्यांनी पोर सुकून माघारी आली, तर मी तोंड कुठं दाखवू?"

ते उठले आणि पायानं चपला शोधायला लागले. आतल्या दारात भाविका उभी होती. ती बापाकडे बघत होती.

तात्यांना भाषणाचं पहिलं वाक्यसुद्धा आठवेना. शेवग्याला दोनदा ऐकवलेलं सगळं शेवग्यापाशीच राहिलं होतं.

"विशेसाहेब, थांबा," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता, पण त्यांना तो ओळखू आला नाही. "खोटं आहे ते सगळं. हे तूप यांचं आहे, काजूही यांचेच." हौसाकाकूंनी बरणी पदराखाली घेतली. "भात शेतातला आहे, वाल परसातले. बाजारातून तेल-साखर, मीठ-मसाला, कधी थोडी सुकट. आठवड्याला नऊशे रुपये लागतात आम्हाला. तेवढ्यात आम्ही तिघं पोटभर जेवतो, आणि भाविकाला त्यापेक्षा जास्त कधी लागलेलं नाही."

वाचनालयात तीस वर्षांत ते एका वेळी एवढं बोलले नव्हते. बोलून झाल्यावर त्यांना दम लागला.

विशेंचा एक पाय चपलेत होता, एक बाहेर. तशात अनिताबाईंच्या पदराआडून खुसखुस ऐकू आली. आधी वाटलं रडतात. मग पदर खाली आला.

"नऊ हजार सांगितलेत गो आमी," त्या सुंदराबाईंना म्हणाल्या. "ही बाय परवा आमच्याकडं आलती. मला वाटलं तुमीच धाडलीय, पोराचं घर बघाया. मी तर बदाम बी सांगितले."

विशेंचे कान लाल झाले. चपलेतला पाय त्यांनी हळूच बाहेर काढला. "बदाम मी नव्हते सांगितले," ते अनिलकडे बघून म्हणाले. "मी फक्त दूध वाढवलं."

यावर कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही, पण हौसाकाकू सगळ्यात शेवटी थांबल्या. भाविका आत पळाली. सुंदराबाईंनी नाटकांमागची साखर वाटीत घालून सगळ्यांच्या हातावर ठेवली. साखरेला जुन्या कागदाचा थोडा वास येत होता, तरी ती गोड लागली. लग्न ठरलं. मग विशे मंडळींना शेत दाखवायला अनिल घेऊन गेला.

ओटीवर उरली हेतल. दोन्ही घरांत आपण आधी ओळखपत्र दाखवलं होतं, असं ती कुणालाच उद्देशून नाही अशा आवाजात म्हणाली. मग उसासा टाकून तिनं टॅब पुन्हा उघडला. आता जरा खरं सांगाल का, सगळं पुसून परत भरते.

तात्या ताठ बसले. इतकं मोकळं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. आपण बोललो, खरं बोललो आणि त्यानंच लेकीचं लग्न जमलं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "लिहा," ते म्हणाले. "आठवड्याला नऊशे."

हेतल लिहिणार, तोच सुंदराबाईंनी कपबशा गोळा करता करता तिच्या मनगटावर बोट ठेवलं.

"नऊशे हे देतात," त्या म्हणाल्या. "लागतात सोळाशे."

तात्यांनी मान वळवली. बाजारात ते शेवटचे कधी गेले होते, हे आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. तेव्हा पिशवी कापडी होती आणि नऊशेत ती भरून वाहत होती, एवढं आठवलं. वरचे सातशे येतात कुठून, असं त्यांनी चाचरत विचारलं.

सुंदराबाईंनी अंगणाकडे हनुवटी उडवली. अंगणात त्यांच्या कोंबड्या उकिरडा उकरत होत्या. अंडी कुठं जातात हा प्रश्न तात्यांना आजवर कधी पडला नव्हता.

"म्हंजे मी विशेंना..." ते पुटपुटले.

"राहू द्या आता," सुंदराबाई म्हणाल्या. "छान बोललात."

हेतलनं सोळाशे लिहिले. मग बोटानं पानं मागं सारत ती अगदी वर, कुटुंबप्रमुखाच्या रकान्यापाशी जाऊन थांबली.

"आजोबा," ती म्हणाली, "पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच ठेवू ना?"

पण तात्या तोवर आत, तेलकट झालेला इतिहास पुसायला गेले होते.