गावानं डबा झोपवला

आमच्या गच्चीवर एक डबा बसवायला मी ‘हो’ म्हणालो, माझ्या हातून झालं ते एवढंच. पुढचं सगळं आपोआप होत गेलं. (आपल्या घरात आपोआप काहीच होत नाही, प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी तुम्ही असता, असं माझी बायको पुष्पांजली म्हणते. पण ते सोडा.)

आमचं गाव गोंदियाकडच्या प्रतापगडच्या डोंगराच्या मागच्या अंगाला आणि मोबाईलचा मोठा टॉवर पुढच्या अंगाला. त्यामुळे टॉवरची आणि आमची कधी नजरानजर झाली नाही. फोन लावायचा तर तलावाच्या बांधावर चढायचं, मोहाच्या झाडाला टेकायचं आणि मान जरा तिरपी ठेवायची. गावातले सगळे महत्त्वाचे निर्णय असे तिरप्या मानेनं झालेले आहेत. मग एका सकाळी गोंदियाहून घनश्याम नावाचा तरुण इंजिनिअर मोटारसायकलवर आला. मी अंगणात खुर्ची टाकून बसलो होतो. (मी तालुक्याच्या गावी एका कचेरीत कारकून आहे. त्या दिवशी सुट्टी होती, पण नसती तरी मी बसलेलाच असतो.) त्यानं पिशवीतून इडलीच्या कुकरएवढा पांढरा डबा काढला आणि याला स्मॉल सेल म्हणतात, असं सांगितलं.

घनश्याम मनापासून समजावत होता. पूर्वी एक उंच टॉवर आसपासच्या सगळ्या गावांना पुरायचा, कारण लोक फोनवर फक्त बोलायचे. आता लोक फोनवर पिक्चर बघतात, शाळा शिकतात, लग्नं जमवतात. एकट्या टॉवरला ते झेपत नाही. म्हणून जागोजागी असे छोटे डबे बसवायचे, प्रत्येकानं आपापली आळी सांभाळायची. चालता चालता माणूस एका डब्याच्या हद्दीबाहेर गेला की पुढचा डबा त्याचा फोन अलगद हाती घेतो. मोठ्या शहरांत तर खांबाखांबावर हे डबे दाटीनं बसले आहेत म्हणे.

तो पुढेही बरंच बोलला, पण तोवर मी तिथे नव्हतो. मी तलावांवर पोचलो होतो. आम्ही कोहळी समाजाचे. आमच्या पूर्वजांनी या मुलखात गावोगाव तलाव बांधले. एकच भलामोठा नाही. वर एक तलाव, त्याच्याखाली बोडी, म्हणजे लहानसं तळं, तिच्याखाली आणखी एक. वरच्याचा सांडवा खालच्यात आणि शेवटी सगळ्यांचं पाणी धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत. बसल्या बसल्या मला दिसायला लागलं, की त्या पांढऱ्या डब्यातून काहीतरी निळसर, पातळ असं झुळझुळत बाहेर पडतं आहे, कौलांवरून ओघळतं आहे, गल्लीत वळतं आहे, घराघरांत शिरून कोनाड्यातल्या फोनांमध्ये हळूहळू भरतं आहे. माझ्या पणज्यानं जे मातीत केलं ते हा पोरगा हवेत करतो आहे, या विचारानं मला अगदी भरून आलं. घनश्यामनं विचारलं, “तो लगा दूँ, काकाजी?” आणि मी डोळे पुसत हो म्हणालो.

डबा लागला. पहिले काही दिवस गाव हरखून गेलं होतं. माणसं सरळ मानेनं फोनवर बोलायला लागली. संध्याकाळी तलावावरून घरी परतताना दर दोन दारांमागे कोणाच्या तरी लांबच्या मुलाचा आवाज ऐकू यायचा आणि मला उगाचच वाटायचं, की हा सगळा आवाज माझ्या गच्चीवरून वाहतो आहे.

पण डबा तो केवढा आणि गाव केवढं. रात्रीचा स्वयंपाक आटोपेपर्यंत सगळेच फोन उघडून बसायचे, मग सगळ्यांचेच पिक्चर जागच्या जागी थिजायचे आणि सगळेच माझ्या दारात यायचे. डबा माझ्या गच्चीवर, म्हणजे जबाबदारी माझी. मी विचार केला, आपल्याकडे पाणी कमी पडलं की काय करतात? पाळी लावतात. मी बकारामला बोलावलं. बकाराम आमच्या तलावाचा पाणकर. कोणाच्या बांधीत कधी पाणी सोडायचं हे तो ठरवतो आणि त्याच्या शब्दापुढे गावात कोणी जात नाही. त्याला नेटवर्क म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं, पण वाटून द्यायचं आहे एवढं कळल्यावर बाकीचं त्यानं विचारलंच नाही. काठी घेतली आणि निघाला. कालव्याच्या नियमाप्रमाणे टोकावरच्या घराला आधी, डब्याजवळच्याला शेवटी. तुझी पाळी संपली, आता ठेव, असं तो खिडकीतून सांगायचा आणि लोक मुकाट्यानं फोन ठेवायचे. पिक्चर थिजायचे थांबले. घनश्यामनं एकदा फोनवर सांगून पाहिलं की काकाजी, हे पाण्यासारखं नसतं. मी त्याला समजावलं की बाबा रे, तू अजून लहान आहेस.

इथवर सगळं ठीक होतं. मग हिमांशुला मुलगी झाली.

हिमांशु म्हणजे पुष्पांजलीचा धाकटा भाऊ, बंगळूरला असतो. त्यांची आई लवकर गेली, तेव्हा हा रांगत होता. पुष्पांजलीनंच त्याला वाढवलं. आमच्या लग्नात तो तिच्या शालूचं टोक धरून मांडवभर फिरत होता. आता बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. पुष्पांजलीनं नाव ठरवून ठेवलं होतं आणि कोणाला म्हणजे कोणालाच सांगितलं नव्हतं. बंगळूरच्या तिकिटाचंही झालं होतं. पण धानाच्या रोवणीच्या वेळी बांधीत तिचा पाय घसरला आणि गुडघ्यापर्यंत प्लॅस्टर बसलं. तिकडून हिमांशु म्हणाला, ताई, तू व्हिडिओवर ये, मी फोन बाळाच्या कानाशी धरतो. तेव्हा कुठे ती हसली. बारशाच्या दिवशी सकाळपासून ती नवं लुगडं नेसून, पाय स्टुलावर ठेवून तयार होती.

आणि मला कल्पना सुचली.

पाणी सोडायच्या आधी तलाव भरावा लागतो. मुहूर्त दुपार कलतानाचा. सकाळपासून गावानं फोन बंद ठेवले, तर तोवर डब्यात केवढं नेटवर्क साचेल! मग एकदम तूम सोडायची, म्हणजे तलावाचं दार उघडायचं, की सगळाच्या सगळा लोंढा पुष्पांजलीच्या फोनमध्ये. मी बकारामला बोललो. त्याला हे इतकं पटलं की आपण आधी का केलं नाही म्हणून तो जरा खट्टूच झाला. त्यानं घरोघरी फिरून निरोप दिला आणि पुष्पांजलीसाठी म्हटल्यावर कोणी नाही म्हणालं नाही. शेजारच्या सुमित्राबाईंनी तर फोन बंद करून वर तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला. बारीकशी धारही गळायला नको म्हणून मी आमचेही फोन बंद केले.

ती दुपार मी विसरणार नाही. गावात असा शांतपणा मी लहानपणानंतर ऐकला नव्हता. सुमित्राबाई आमच्या ओट्यावर भाजी निवडत होत्या. लांब बांध्यांमधून सारसाची जोडी ओरडली, ते थेट अंगणात ऐकू आलं. तलावावरून वारा येत होता. मी खुर्चीत मागे रेललो आणि वर गच्चीवर डबा काठोकाठ भरत असल्याचं बघत राहिलो. निळं निळं पाणी, त्यावर कमळं, कमळांच्या पानांवर छोटे छोटे फोन. कधी डोळा लागला कळलंच नाही.

पुष्पांजलीनं काठीनं हलवून उठवलं. वेळ झाली होती. मी समारंभपूर्वक तिचा फोन सुरू केला. नेटवर्क नाही. माझा सुरू केला. त्यावरही नाही. आतापर्यंत निम्मं गाव अंगणात जमलं होतं. बकाराम वर बघत म्हणाला, जास्त भरून फुटला तर नसंल? मला तीच शंका आली होती.

पुष्पांजली रागावली नाही. ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं, त्याची सवय आहे. तिनं फोन मांडीवर पालथा ठेवला.

“मी त्याले कडेवर घेऊन वाढवलं,” ती म्हणाली. “आता त्याच्या पोरीच्या कानात नाव दुसरीच कोणी सांगल काय जी?”

जन्मात इतकं वाईट मला कशाचं वाटलं नव्हतं. एखाद्यानं आपलं सगळं शहाणपण पणाला लावावं आणि ते नेमकं बायकोच्या एकुलत्या एका आनंदावर पडावं, याला काय म्हणायचं?

तेवढ्यात घनश्यामची मोटारसायकल अंगणात शिरली. पुष्पांजलीनंच त्याला जेवायला बोलावलं होतं. त्यानं गर्दी पाहिली, मग डब्याचा विझलेला दिवा पाहिला आणि विचारलं, की सगळ्यांचे फोन बंद का आहेत. बकारामनं अभिमानानं सांगितलं, की आमी सकाळपासून डबा भरून राहिलो.

घनश्याम माझ्याकडे वळला. “काकाजी, ये भीड़ देखके जागता है,” तो म्हणाला. “कोई नहीं दिखा, तो सो गया. आप लोगों ने इसको सुला दिया.”

त्यानं सांगितलं ते असं. वीज वाचावी म्हणून या डब्याला कोणी गिऱ्हाईक नसलं की झोपायची सवय लावलेली असते. झोपेतही तो अधूनमधून कान टवकारतो. बरेच फोन आपल्याला शोधताहेत असं दिसलं, तरच उठतो. एकदोन फोनांसाठी उठत नाही. (मी घरात असाच झोपतो, पण त्याला कोणी तंत्रज्ञान म्हणत नाही.)

मग गावात धावपळ झाली ती विचारू नका. घराघरांतून फोन आले, सुमित्राबाई तांदूळ झटकत आल्या. सगळे फोन एकदम सुरू झाले आणि घनश्यामनं सांगितल्यावर प्रत्येकानं दुसऱ्या कोणाला तरी फोन लावायला घेतला. दूरचे नंबर आठवेनात, म्हणून शेजाऱ्यानं शेजाऱ्यालाच लावला. बकाराम काठी बगलेत धरून आपल्या साध्या फोनवर ओरडत होता, “उठ बा आता, उठ.” गच्चीवरचा दिवा लुकलुकला आणि हिरवा झाला.

बंगळूरचा फोन लागला तेव्हा बाळाची मावशी पाळण्यावर वाकलेली होती. हिमांशुनं तिला थांबवलं. पुष्पांजलीनं आम्हा सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं, फोन ओठांशी घेतला आणि काहीतरी पुटपुटली. मग तिचे डोळे घळाघळा वाहायला लागले आणि गाव उगाच इकडेतिकडे बघायला लागलं. नाव रुचिका. ते मला सगळ्यात शेवटी कळलं, कारण मी गच्चीवर डब्याची माफी मागायला गेलो होतो.

खाली आलो तर बाळ रडत होतं, थांबतच नव्हतं. मी आशीर्वाद द्यायला फोन घेतला आणि ओघात तिला तलाव, बोड्या आणि छोट्या डब्यांची दाट वस्ती हे सगळं सविस्तर सांगितलं. माझं संपायच्या आधीच ती गाढ झोपली.

डब्याची सवय मोडायला गोंदियाच्या ऑफिसात काही दिवस लागणार होते. तोवर दुपारच्या सामसुमीत तो झोपू नये म्हणून गावात बरेच फोन चालू ठेवायचे आणि एकानं तरी अखंड बोलत राहायचं, असं ठरलं. अखंड बोलायला गावानं एकमतानं माझं नाव सुचवलं. मी कचेरीत रजेचा अर्ज टाकला. साहेबांनी तो वाचायच्या आधीच मंजूर केला. ऐकायला कोण, हा प्रश्न हिमांशुनं सोडवला. रोज दुपारी तो फोन पाळण्याशी ठेवायचा आणि मी बोलायचो. इकडे डबा जागा राहायचा, तिकडे रुचिका झोपायची. एकाच भाषणानं दोन्ही कामं व्हायची, हे आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

परवा डबा दुरुस्त झाला. तरी मी सवयीनं फोन लावला, तेव्हा हिमांशु संकोचून म्हणाला, भाऊजी, आता त्रास घेऊ नका, तुमचं एका दिवसाचं बोलणं आम्ही रेकॉर्ड करून ठेवलं आहे. मला थोडं लागलं. पण संध्याकाळी पुष्पांजली आपणहून म्हणाली, की हिमांशुले सांगा, ते रेकॉर्डिंग मलेबी पाठव म्हणा. मी विरघळलो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर हिला माझा आवाज जवळ ठेवावासा वाटतो! त्यातला कोणता भाग विशेष आवडला, असं मी हळूच विचारलं.

“आवडाचं काय त्याच्यात,” ती म्हणाली. “मले हल्ली दुपारी झोप लागत नाही.”