राहुकाळातली राजकन्या

परळीच्या पंचाक्षरी अप्पांनी जन्मात समुद्र पाहिला नव्हता, पण दोन हजार सालच्या उन्हाळ्यात त्यांच्या मालकीचं एक बेट होतं. बेटावर किल्ला, किल्ल्यात राजा, बंदरात सात गलबतं आणि चहूकडे निळं पाणी. भांड्यांच्या दुकानामागच्या खोलीत, चौदा इंची पडद्यावर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की अप्पा त्या पाण्याकडे बघत बसायचे. बाहेर वीजकेंद्राची राख उडून स्टीलच्या ताटांवर बसायची आणि आत अप्पांच्या बेटावर वारा सुटलेला असायचा.

कॉम्प्युटर आणला होता क्लास काढायला. पाटीसुद्धा रंगवून झाली होती, विद्यार्थी तेवढे यायचे राहिले होते. कॉम्प्युटरबरोबर राज्य चालवायच्या एका खेळाची सीडी फुकट आली होती आणि तिच्या खोक्यावर इंग्रजीत छापलं होतं, की नवख्या माणसालाही हा खेळ सहज जमेल. अप्पांचा छापील अक्षरावर फार विश्वास. त्यांनी चौकात जाहीर करून टाकलं, "लई सोपं हाय. ज्याला घर चालवता येतंय त्याला राज्य चालवता येतंय."

आता तुमच्यापासून काय लपवायचं, तीन महिन्यांत अप्पांची अठरा राज्यं बुडाली होती. त्या खेळात कर होते, पिकं होती, सहा शेजारी राजे आणि त्यांचे रुसवेफुगवे होते, आणि पडद्याच्या कोपऱ्यात तारीख धावत होती. दोन मिनिटांत एक वर्ष! इंग्रजीत काही उमटलं की अप्पा शब्दकोश उघडायचे. 'वेढा' हा अर्थ सापडेपर्यंत किल्ला पडलेला असायचा. पण अप्पांनी खेळाला कधी दोष दिला नाही. काळ कुणासाठी थांबलाय, असं म्हणून ते नवं राज्य मांडायचे. पुन्हा तेच निळं पाणी समोर यायचं आणि त्यांना फार बरं वाटायचं.

त्यांच्या बायकोला, मल्लम्मांना, अजिबात बरं वाटत नव्हतं.

"हंडे व्हरांड्यात राख खायलेत अन् तुमची गलबतं पंख्याखाली," एक दिवस त्या ताट पुसता पुसता म्हणाल्या. "शुक्रवारपर्यंत शिकायला कुणी आलं तर ठीक. न्हाईतर ह्या खोलीत भांडी येतील. मग तुमी अन् तुमचा राजा कुठंबी बसा."

क्लास गेला असता तर अप्पांनी सोसलं असतं, पण समुद्र जाणार होता. त्यांनी तडक धर्मापुरी गाठली.

धर्मापुरीचे विठ्ठलराव म्हणजे मोठे बागायतदार आणि गावातल्या कॉलेजचे अध्यक्ष. माणूस पुढारी, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला पटकन हो म्हणायची सवय नाही. त्यांची मुलगी आरोही अंबाजोगाईला प्राध्यापिका होती. तिथल्याच अमरसिंह नावाच्या प्राध्यापकाचं स्थळ तिला दोनदा येऊन गेलं होतं. मुलीला पसंत होतं, घर चांगलं होतं, आणि तरी विठ्ठलराव तीन वर्षं 'बगू, कळवतो' एवढंच म्हणत होते. आरोही सव्वीस वर्षांची झाली होती. पण हे त्यांच्या तोंडावर कोण बोलणार?

"आधी खेळ, मग कॉम्प्युटर," अप्पांनी समजावलं. "खेळ आला की बाकीचं आपोआप येतंय."

"आमी सातवी शिकलेला माणूस," विठ्ठलराव म्हणाले. "मला एका बैठकीत जमलं तर कॉलेजची साठ पोरं तुमच्याकडं पाठवतो. न्हाई जमलं, तर खोक्यावर खोटं लिवलंय असं समजायचं."

गुरुवारी दुपारी दीडला ते आले. अप्पांनी खुर्ची झटकून दिली, पंखा त्यांच्याकडे वळवला आणि बेट दाखवलं. विठ्ठलरावांनी समुद्र पाहिला होता, पण त्यांनाही तो आवडला. किल्ल्याच्या खिडकीत एक पोरगी उभी होती.

"ही कोण?"

"राजाची लेक. इसाबेल. वय अठरा."

"म्हंजे इसाबाई," विठ्ठलरावांनी तिला लगेच घरात घेतलं.

एवढ्यात पडद्यावर दूत आला. अप्पांनी शब्दकोश चाळला. शेजारच्या राजपुत्राचं स्थळ आलं होतं. खाली दोन चौकोन होते, एक होकाराचा आणि एक नकाराचा. विठ्ठलराव माउसला हात घालणार तोच अप्पांची नजर भिंतीवरच्या पंचांगाकडे गेली. एक चाळीस झाले होते.

"थांबा, थांबा. राहुकाळ हाय. तीन वाजेपर्यंत सोयरीक बोलू न्हाई."

"बरोबर हाय," विठ्ठलराव खूश झाले. "तसंबी मुलीकडच्यांनी लगेच हो म्हनू न्हाई. किंमत राहत न्हाई. बसू द्या दूताला."

दूत बसला. चहा आला. ऊन मी म्हणत होतं, पंखा एकसुरात घुमत होता. लाटा यायच्या आणि जायच्या. दोन पोक्त माणसं त्या लाटांकडे बघता बघता पेंगुळली. अप्पांना वाटलं, आपण गलबतात बसलोय, दुकान मागे लहान लहान होत चाललंय आणि किनाऱ्यावरून मल्लम्मा हातात ताट घेऊन काहीतरी ओरडताहेत, पण वाऱ्यामुळे ऐकू येत नाही. त्यांना इतकं हलकं कधीच वाटलं नव्हतं.

"अप्पा," विठ्ठलरावांच्या आवाजाने गलबत हललं. "हिचं वय सव्वीस कसं झालं?"

अप्पांनी घड्याळ बघितलं. दोनला चार कमी. "दोन मिनिटांला वर्ष जातंय ना."

"आन् ती अजून खिडकीतच?"

"दुसरं कुठं जाईल? आपण उत्तर कुठं दिलंय?"

खुर्ची पुढे ओढून विठ्ठलराव पडद्याला नाक लावून बसले. इसाबाई तिशीची झाली, पस्तिशीची झाली. दूताची दाढी पिकली.

"दाबू का आता?"

"अजून पाऊण तास हाय राहुकाळ."

"अप्पा, पोरगी म्हातारी व्हायलीय."

"पन अशुभ नको ना व्हायला."

तीनच्या ठोक्याला अप्पांनी होकाराचा चौकोन दाबला. इसाबाई अठ्ठावन्न वर्षांची झाली होती. पडद्यावर दोन ओळी उमटल्या. अप्पा बराच वेळ शब्दकोशात बोट फिरवत राहिले, मग हळू आवाजात म्हणाले, "नवरदेव एकोणीस वर्षांमागं वारले म्हनायलंय."

विठ्ठलरावांनी टोपी घातली. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी लपवलेही नाहीत. "सोपं हाय म्हनला होता तुमी," एवढं बोलून ते जीपमध्ये बसून निघून गेले.

इसाबाईचं एकोणिसावं राज्यही त्याच संध्याकाळी बुडालं. शुक्रवारी सकाळी अप्पांनी निरोपाचं म्हणून एक नवं राज्य मांडलं. तेवढ्यात मल्लम्मा शब्दाला जागल्या. पहिला हंडा घेऊन त्या आत आल्या आणि जागा नव्हती म्हणून त्यांनी तो कीबोर्डवरच टेकवला, खालच्या लांबड्या पट्टीवर. कोपऱ्यातली तारीख जागच्या जागी उभी राहिली.

"हे कावून थांबलं?" मल्लम्मांनी विचारलं.

अप्पांनी हंडा उचलला, पट्टी पुन्हा दाबली. काळ चालू. पुन्हा दाबली. काळ बंद. एकोणीस राज्यं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. काल हा हंडा जरा लवकर आला असता तर इसाबाई अठरा वर्षांची राहिली असती. त्यांनी पट्टी एकदा दाबून काळ चालू केला आणि गुपचूप हंडा होता तिथे ठेवला; तारीख पुन्हा थांबली.

बाराच्या सुमाराला जीप वाजली. विठ्ठलराव हसत आत आले.

"अमरसिंहाच्या वडिलांना हो म्हनून आलो," ते म्हणाले. "साडेदहाला राहुकाळ लागत होता, मी नऊलाच गेलतो. पुढल्या शुक्रवारी लग्न. आता एक दिवस थांबायचं न्हाई."

अप्पांचा चेहरा खुलला. "म्हंजे साठ पोरं पाठवताव ना?"

"पोरांचं मागून बगू. आधी आंदणाची भांडी. हंडे, घंगाळं, पराती, अन् पंगतीला पाचशे ताटं. सगळी तुमच्याकडूनच. पन आठ दिवस राखेत ठेवू नका, आतल्या खोलीत ठेवा."

मल्लम्मांनी पदर खोचला.

संध्याकाळपर्यंत खोली छतापर्यंत भरली. टेबल गेलं, खुर्ची गेली, कॉम्प्युटरही भांड्यांत बुडाला. दोन घंगाळांच्या मधे टीचभर फट तेवढी राहिली होती आणि तिच्यातून निळं पाणी दिसत होतं, थांबलेलं. अप्पा रोज दुपारी उंबऱ्यात बसून त्या फटीला डोळा लावायचे. हंड्यापर्यंत हात पोचत नव्हता, त्यामुळे लाट हलायची नाही. नशिबाने त्या आठवड्यात वीजही गेली नाही.

आठ दिवस बेटावर एकच सकाळ होती. कर थकला नाही, शेजारी रुसला नाही, कुणी म्हातारं झालं नाही. अप्पा चौकात अजून सांगतात की खेळ लई सोपा हाय, आणि पुरावा म्हणून याच विसाव्या राज्याचं नाव घेतात, कारण त्यांच्या हातून न बुडालेलं ते एकच राज्य.